दोरीवरची बाज

आमच्या घरचे दोघं भाऊ तसे शहाणे. वांग्याला फवारा कधी मारायचा, मिरची कोणत्या बाजारात न्यायची, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण घराच्या जागेची वाटणी करायला बसले आणि दोघांचीही अक्कल चरायला गेली.

आमचं सोनाळ्यातलं जुनं धाब्याचं घर मागच्या श्रावणात बसलं. झड लागली होती. वरची पांढरी माती भिजून भिजून जड झाली आणि एका सकाळी अख्खं माळवद खाली आलं. आम्ही सगळे वावरात होतो म्हणून वाचलो. घर गेलं, आंगण तेवढं राहिलं. मग दोघा भावांच्या नावावर एकेक घरकुल मंजूर झालं. आता वाटणी आडवी केली असती, तर एकाचं घर पुढे, एकाचं मागे आणि मधलं आंगण दोघांचं राहिलं असतं. पण मागं सांडपाण्याची नाली, तिकडं कोण जाणार? माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, देवानंद म्हणाले, "मी का नालीवर राहू?" माझा नवरा प्रज्वल म्हणाला, "मंग मीच काऊन राहू?" दोघांनाही रस्ता पाहिजे. म्हणून रस्त्यापासून मागच्या नालीपर्यंत दोरी ताणली आणि आंगण उभं चिरलं. दोघांच्या वाट्याला एकेक लांबट, अरुंद पट्टी आली. वर दोघंही खूश, की बरोब्बर सारखी वाटणी झाली.

भासऱ्यांनी आधी बांधलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पट्टी गच्च भरून टाकली. एकामागे एक तीन खोल्या, वर स्लॅप. मधल्या खोलीला एकच खिडकी, ती आमच्या बाजूला. बांधताना त्यांचं जोतं आमच्या जागेत अर्धा फूट आलं, असं प्रज्वलचं म्हणणं. आलं की नाही देव जाणे. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता.

आम्ही आमच्या पट्टीच्या मागच्या टोकाला टिनाच्या शेडात राहत होतो. मला दिवस गेले होते आणि ते भरणार होते वैशाखात.

मला भीती कशाची होती ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई भित्री. मागच्या वैशाखात आमच्या गल्लीतल्या समताचं बाळ गेलं. दवाखान्यातून चांगलं धडधाकट घरी आलं होतं. टिनाची खोली, दार लावलेलं, खिडकीला गोणपाट, बाजेखाली शेगडी. बाळंतिणीला वारा लागू नये ना! बाळ तापलं. बायका म्हणाल्या, ताप आला, अजून एक दुपटं गुंडाळा. मी भेटायला गेले तेव्हा समतानं माझा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला. चटका बसल्यासारखा मी तो मागे घेतला. अंगावर घामाचा टिपूस नाही, ओठ सुकलेले, रडणंसुद्धा बंद. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. म्हणे नजर लागली. नजर कशाची? घरातल्या घरात ऊन लागलं होतं त्या लेकराला!

आणि माझी आई नाही. पिंपळगाव राजाला माहेर आहे, पण तिथं बाळंतपण करणारं कोणी उरलं नाही. म्हणजे जे व्हायचं ते इथंच व्हायचं.

चिंतामण मिस्त्री आखणीला आला, फक्की टाकायला लागला, तेव्हा मी पोट सावरत तिथं जाऊन उभी राहिले. प्रज्वलला म्हटलं, "सगळी पट्टी भरू नोका. समोर एक खोली काढा, मांगं सैपाकघर काढा. मधात आंगन राहू द्या."

"मधात मोकळं? घर बांधून राह्यलो का मैदान?"

"आंगनाच्या कडेनं वसरी काढू. कपाशीच्या पऱ्हाट्याचा कूड अन् वरून माती. जुन्या घराची पांढरी पडूनच हाय. स्लॅपले वरून चुना मारू. इटा कमी लागतीन, सिमिट कमी लागन. घरकुलाच्या सायबाले तेवढं बांधकाम चालते, त्यानंच सांगतलं."

"आलं मोठं इंजिनेर!"

"माह्या माहेरी असंच हाय. चारी दारं आंगनात उघडतात. संध्याकाळी सडा टाकला का रात्री गोधडी पांघरा लागते."

प्रज्वल जरा घुटमळला. त्याचंही बालपण आंगणातल्या बाजेवरच गेलं होतं. आणि मी गाढवासारखी पुढं बोलले, "अन् मधली जागा सोडली तं भाऊजींच्या खिडकीले बी हवा भेटन."

झालं! त्याचं डोकं फिरलं.

"हाव! म्हंजे मी माही जागा सोडू अन् त्याले हवा खाऊ घालू? त्यानं माहा अर्धा फूट दाबला, तो का हवेत गेला? आज मोकळं सोडलं तं उद्या तिथी त्याची मोरी निंघन." मग मिस्त्रीकडे वळून, "चिंतामणभाऊ, त्याच्या भितीले चिकटून घ्या. पुऱ्या लांबीनं."

"मले काय, कोठी दोरी लावू ते सांगा," मिस्त्री म्हणाला. "ऊन चढून राह्यलं."

दोरी लागली. पायवा खणला, भरला. मधल्या आडव्या भिंतीची नाली तेवढी खणून उघडी राहिली. समोरच्या खोलीच्या भिंती वर चढल्या. मी पहाटे वांगी तोडायला जायची, आल्यावर भिंतींना पाणी मारायची. पाणी मारलं की वीट सूं सूं आवाज करी आणि तेवढ्यात सुकून जाई. टिनाच्या शेडात दुपारी भांड्याला हात लावता येत नव्हता. माठातलं पाणी कोमट. कूलर होता, पण दुपारी लाइन जाई आणि ती जाण्याची वेळ मात्र कधी चुकत नसे. मी ओला टॉवेल पोटावर टाकून पडायची. आत बाळ फिरलं की जीव भांड्यात पडायचा, नाही फिरलं की मी उठून बसायची.

माझ्या सासूबाई सुभद्राबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या भासऱ्यांकडे राहत. भाऊ बोलत नव्हते तरी माझी जाऊ पुष्पांजली, आत्याबाई आणि मी, आम्हा बायकांचं सगळं चालू होतं. एके दिवशी आत्याबाई शेडात आल्या, टिनाकडे पाहिलं, पदरानं वारा घेतला.

"अठी बाळंतपन नाही होत, पोरी. दवाखान्यातून तुले पुष्पाच्या मधल्या खोलीत नेतो. स्लॅपची हाय. दार लावलं का कोठून वारा येत नाही. बाजेखाली शेगडी ठेवतो, महिनाभर चांगला शेक घे."

मी ओला टॉवेल बाजूला टाकून उठून बसले.

"आत्याबाई, खिडकी तं उघडी ठेवसान ना?"

"बाळंतिनीच्या खोलीची खिडकी उघडी? येडी झाली का वं?"

"समताचं बाळ..."

"दिवस भरत आले तं असं नाव तोंडात आनू नोको! तिले नजर लागली होती. म्या दोन पोरं अशीच वाढवली. तुह्या नवऱ्याले इचार, काही झालं का त्याले?"

ते दोघं पौषातले होते, आणि मातीच्या घरात झालेले. पण हे आत्याबाईंना कोण सांगणार? त्या वाईट नव्हत्या. माझ्या पायाला सूज आली तर रात्री तेल लावून द्यायच्या. त्यांच्या मायेचीच मला भीती वाटत होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर निघताना पुष्पाताई मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "भिऊ नोको. आत्याबाई झोपल्या का मी खिडकी उघडत जाईन. मले बी त्या खोलीत दम कोंडते. ते एक खिडकी हाय म्हनून दिवस काढून राह्यली."

त्या खिडकीवर माझा सगळा जीव टांगलेला. त्या रात्री मी प्रज्वलला सांगून टाकलं, की त्या खोलीत मी राहणार आहे, तुमचं लेकरू राहणार आहे, तेवढी खिडकी बुजवू नका. वाटलं, आतातरी ऐकेल.

तो ताडकन उठून बसला. "माहं लेकरू त्याच्या घरात? लोक थुकतीन माह्यावर! तू दवाखान्यातून येशीन तवा आपली खोली उभी राहीन. उद्यापासून दोन मानसं जास्त लावतो."

म्हणजे मी बोलले म्हणून भिंत अजूनच भराभर चढायला लागली. कपाळ माझं!

ज्या दिवशी खिडकी बुजली, त्या दिवशी सकाळपासूनच हवा थांबलेली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मिस्त्री फळीवर उभा राहून थर चढवत होता. एक थर, मग माल, मग ओळंबा, मग दुसरा थर. भासरे रस्त्यावरून ओरडले, "माही खिडकी बुजवून राह्यला का बे?"

प्रज्वल त्यांच्याकडे न पाहता मिस्त्रीला म्हणाला, "चिंतामणभाऊ, सांगा त्याले. त्याची खिडकी त्याच्या भितीत हाय. मी माह्या जागेत काम करून राह्यलो."

बिचाऱ्या मिस्त्रीनं खरंच मान वळवली, मग पुढची वीट उचलली. मी खाली उभी राहून त्याच भिंतीला पाणी मारत होते. खिडकीतून पुष्पाताई दिसत होती, आधी गळ्यापर्यंत, मग नुसते डोळे, मग नाहीच. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "बरं झालं बाई! आता वारा येतच नाही."

जेवायच्या सुट्टीला मिस्त्री गेला तेव्हा वरच्या बाजूला हातभर फट राहिली होती. पुष्पाताई डबा घेऊन वावरात गेली. प्रज्वल मागच्या बाभळीखाली आडवा झाला. भासरे रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली बाज टाकून पडले. नव्या स्लॅपच्या घरात दुपारी त्यांना स्वतःलाच राहवत नव्हतं, पण हे कबूल कोण करतो!

मी पायव्याच्या उघड्या नालीच्या कडेला, भिंतीच्या सावलीत बसले होते. फटीतून धूर येताना दिसला. बारीक, पण येत होता.

"आत्याबाई, शेगडी पेटवली का?"

"हाव वं," आतून आवाज. "भिती ओल्या हायेत. खोली सुकवून ठेवतो. बाज बी कसून घेतली. जरा पडून पाहतो, तुले कशी होते ते."

"दार उघडं ठेवा!"

"मंग खोली गरम कशी होईन?"

त्यानंतर आवाज नाही. मला वाटलं झोपल्या. थोड्या वेळानं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. भरलेल्या पोटानं मी वळसा घालून त्यांच्या घरात गेले, मधल्या दाराला हात लावला. लोखंडी दार, आतून कडी. दार तापलेलं होतं. दोन्ही हातांनी बडवलं. काही नाही. तशीच परत आले आणि फळीवर चढले. नववा महिना, बोटं विटांत रुतवलेली. फटीला तोंड लावलं तर आतून झळ आली, डोळे मिटले माझे. पुन्हा उघडले. आत्याबाई बाजेवर उताण्या पडल्या होत्या. तोंड उघडं, चेहरा लालबुंद आणि कोरडा. समताच्या बाळाचा होता तसाच कोरडा.

मी किंचाळले. एवढी किंचाळले की पोटात कळ आली.

प्रज्वल धावत आला. "काय झालं? उतर खाली!"

"फोडा! भित फोडा! आत्याबाई आतमधी हायेत!"

त्यानं फटीतून एकदा पाहिलं आणि "मायऽऽ" म्हणून जो आवाज काढला, तो मी विसरणार नाही. लोखंडी सब्बल घेऊन तो स्वतःच्या भिंतीवर तुटून पडला. माल ओलाच होता, मी सकाळपासून पाणी मारून ओला ठेवलेला. विटा ढासळायला लागल्या. तेवढ्यात भासरेही पोहोचले, आधी आतल्या दाराला धडका दिल्या, ते हललं नाही, मग पळत इकडं आले. खिडकीला गज बसवायचे राहिले होते, देवाची कृपा. ते आत उडी मारून गेले, आईला उचललं, खिडकीतून बाहेर दिलं.

"डोकं सांभाळ," भासरे म्हणाले.

"हाव," प्रज्वल म्हणाला.

इतक्या महिन्यांत एवढंच बोलले ते एकमेकांशी.

"कोठी ठेवू?" प्रज्वल आईला घेऊन गोल गोल फिरायला लागला. शेडात नेऊन ठेवलं असतं तर संपल्याच असत्या. रस्त्यावर ऊन. मी म्हटलं, "नालीत ठेवा."

पायव्याची ती उघडी नाली, माझ्या पाण्यानं ओली राहिलेली, भिंतीच्या सावलीतली. सगळ्या जागेत तेवढीच गार होती. दोघांनी आत्याबाईंना तिच्यात निजवलं. दोन्ही बाजूंना माती, मधे त्या, डोळे मिटलेले. ते दिसायला कसं दिसत होतं ते सांगायला नको. भासऱ्यांनी तोंड फिरवलं. मी प्रज्वलला ओरडले, "पाहता काय? पानी आना!" टाकीतलं पाणी, माठातलं पाणी, सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. मी सुपानं वारा घालत होते आणि माझं पोट दगडासारखं घट्ट होत होतं. मनात एकच, ही खोली माझी होती. या बाजेवर मी असणार होते. माझ्याजवळ दुपट्यात गुंडाळलेलं ते असणार होतं.

बऱ्याच वेळानं आत्याबाईंची बोटं हलली. मातीत रुतली.

गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं. आत्याबाई जगल्या. पण उजवा हात कामातून गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलं. "पन त्या तं घरात होत्या," भासरे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "घरातच लागलं."

मलाही त्याच आठवड्यात कळा आल्या. मुलगी झाली. सगळ्यांना बघून जांभई दिली तिनं. आम्ही घरी आलो तेव्हा, मला कुठं ठेवायचं हे कोणीच बोललं नाही. प्रज्वलनं मधल्या मोकळ्या जागेवर, पडलेल्या विटा बाजूला सारून, पऱ्हाट्यांचा मांडव घातला होता. त्याखाली बाज. पुष्पाताई उघड्या खिडकीतून ओलं फडकं द्यायची, पन्हं द्यायची, बाळाचं तोंड बघून जायची. संध्याकाळी सडा टाकला की वारा त्या खिडकीतून आत जायचा, तिच्या पुढच्या दारानं रस्त्यावर निघायचा. दोन्ही घरं श्वास घ्यायला लागली. मला वाटलं, सुटलो बाप्पा!

कशाचं काय. पुरुषांची जात! आई बरी होतेय म्हटल्यावर भासऱ्यांना जोत्याचा कोपरा दिसला. भिंत पडताना तो फुटला होता.

"याची भरपाई कोन देईन?"

"अन् माह्या भितीची?" प्रज्वल उसळला. "कोनाच्या आईसाठी फोडली? एकट्या माह्या?"

बोलता बोलता पुन्हा तो अर्धा फूट निघाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामण मिस्त्री दारात हजर. खिडकीला जाळी लावून भिंत घेतो, हवा येईल तेवढी येईल, असं प्रज्वल मला सांगत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. जाळीपलीकडं आमचीच बंद खोली, तिच्यातून कसली हवा येणार होती? मांडव काढायला दोन माणसं आली. मिस्त्रीनं दोरी ताणली, बरोबर माझ्या बाजेच्या अंगावरून.

मुलगी मांडीवर झोपलेली. ऊन अजून कोवळं होतं, तरी मला तिच्या कपाळावर दुपार दिसत होती. मी म्हटलं, "मी अठून उठत नाही. माह्यावरून बांधा." प्रज्वल म्हणाला, "उगा तमाशा करू नोको, सारिका."

तेव्हा खिडकीपाशी खरखर झाली. आत्याबाई. डाव्या हातानं त्या काहीतरी ओढत होत्या. तीच बाज, त्यांनी माझ्यासाठी कसलेली. खिडकीतून ती निघणार होती थोडीच! पुष्पाताईनं दुसरं टोक धरलं, दोघी पुढच्या दारानं वळसा घालून आल्या. रस्त्यावरचे लोक थांबून पाहायला लागले. भासरे मागं मागं, "माय, हे काय लावलं?" आत्याबाईंनी उत्तर दिलं नाही. पाय घासत आल्या, बाज माझ्या बाजेला लावून दोरीवर टाकली. दोरी तुटली. मग बसल्या, धापा टाकत.

"बुढे, उठ वं," प्रज्वल नरमून म्हणाला. "भित घ्याची हाय."

आत्याबाईंची जीभ तोंडात जागा शोधत राहिली.

"तुमी बाहेर होते," त्या म्हणाल्या. एकेक शब्द वेगळा. "दोघंबी. आतमधी मी होती. मले इचारा."

चिंतामण मिस्त्रीनं खाली बसून तुटलेली दोरी हातावर गुंडाळली आणि खिशात घातली. भासरे जाऊन फुटलेल्या जोत्यावर बसले. प्रज्वल उभाच होता. मग त्यानं मांडवाच्या पऱ्हाट्या, ज्या माणसांनी खाली काढल्या होत्या, त्या एकेक करून पुन्हा वर टाकायला सुरुवात केली, आईच्या बाजेवरही सावली येईल इतक्या लांबपर्यंत. पऱ्हाट्यांची टोकं भासऱ्यांच्या जोत्यावर टेकली. भासऱ्यांनी एकवार पाहिलं, आणि टोक हातानं धरून ठेवलं.

ऊन चढलं. आत्याबाईंनी डावा हात लांब करून मुलीच्या अंगावरचं दुपटं काढलं, बाजूला टाकलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. तरी मी हात काढला नाही.